बाब क्रमांक सात

फेब्रुवारीची बैठक. सरोवर काठापासून गोठलेलं.
नऊ विश्वस्तांपैकी आठ हजर,
नववे फोनवर, फ्लोरिडातून. त्यांच्याकडचे पक्षी
मधूनमधून ठरावांना अनुमोदन देतात.

मी कोपऱ्यात. अठरा वर्षं इतिवृत्त लिहिते.
कोण काय म्हणालं ते नाही,
काय ठरलं तेवढंच लिहायचं, असा इथला नियम.

पहिल्या सहा बाबी पटापट उरकल्या.
हॉकीच्या रिंकला नवा गुणफलक: मंजूर.
विजेवरच्या गाड्यांसाठी चार खांब: मंजूर.
सातवी, वाफेची भूमिगत वाहिनी,
उत्तर वसतिगृह ते ग्रंथालय, सन १९५८.
हे घोंगडं दहा वर्षं भिजत पडलंय,
आणि खरंच भिजतंय,
तळघरात, खाणींच्या जुन्या नकाशांवर.

आर्विड नीमेला उभा राहिला. बॉयलरघराचा मुकादम.
त्याला तीन मिनिटं दिली होती. स्लाइड नव्हती.
कोटाच्या आतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
हातभर पाइप काढून त्यानं टेबलावर ठेवला,
बाजारातून आणलेला मासा ठेवावा तसा.
"हा सरळ भागातला," तो म्हणाला.
"वाकणावरचा आणणार होतो. हातात आला नाही, चुरा झाला."

कुणी शिवलं नाही.
मग लाफ्रेनिएरबाईंनी,
ज्यांचे वडील तांब्याच्या खाणीत पंपावर होते,
चष्मा काढून पाइपाच्या तोंडाला डोळा लावला
आणि त्यातून थेट अध्यक्षांकडे पाहिलं.
बराच वेळ.
"ट्रेव्हॅरो," त्या म्हणाल्या,
"तुम्ही मला बाजूच्या भोकांतूनही दिसताय."

अध्यक्ष हसले नाहीत. वाईट माणूस नाही तो.
बोटं मोडत त्यांनी हिशेब सांगितला:
लागणार साठ लाख, राखीव निधीत एकवीस,
उरलेले फीमधून काढायचे तर दर डोई किती,
आणि गेल्या वर्षी फी वाढली तेव्हा
किती मुलं परत आली नाहीत, तोही आकडा.
तो त्यांना पाठ होता.

"एखादा देणगीदार?" कुणीतरी विचारलं.

खोली गप्प झाली. घोडं इथंच पेंड खातं.
नाव काचेच्या दालनावर लागतं,
घंटाघरावर लागतं, बागेतल्या बाकावरही लागतं.
जमिनीखालच्या पाइपावर कोण लिहून घेईल,
आईच्या स्मृतीप्रीत्यर्थ?

"माझ्या आईचं चालेल," आर्विड म्हणाला.
"त्या वसतिगृहात तिनं एकतीस वर्षं फरशी पुसली."
मग जरा थांबून, "पण माझ्याकडे पैसे नाहीत."

फोनवरून सूचना आली: वाकणं तेवढी बदलू,
नऊ लाखांत, उरलेलं उपसमितीकडे.
पक्षी ओरडले.
विद्यार्थ्यांची प्रतिनिधी, नोकोमिस कडोट,
हिला बोलता येतं, मत देता येत नाही.
ती बोललीही नाही. हातमोजे घातलेले दोन्ही हात
तिनं टेबलावर ठेवले. ग्रंथालयातूनच आली होती.
मी वर पाहिलं तेव्हा
तीन विश्वस्त त्या हातमोज्यांकडे पाहत होते
आणि दोघे घड्याळाकडे.

पाच विरुद्ध चार. सूचना संमत.

मी लिहिलं: बाब सात, चर्चेअंती अंशतः मंजूर.
चर्चेअंती या शब्दात
मी काय काय कोंबलंय आजवर!

आर्विडनं पाइप पुन्हा गुंडाळला.
"आठ वाकणं होतील," तो मला दारात म्हणाला,
"तेरा आहेत. कुठली पाच ठेवायची,
ते कुणी नाही ना ठरवलं?"
मी वही चाळल्यासारखं केलं.

टेबलावर गंजाचं एक वर्तुळ उरलंय,
पॉलिशच्या आत उतरलेलं. पुसून जात नाही.
कळवायला हवं; ती दुरुस्ती एका सहीत होईल.
मी कळवलेलं नाही.
दर बैठकीला कॉफीचा जग ठेवते त्यावर,
आणि अध्यक्ष ओतून घ्यायला तो उचलतात.