तिसरा पास

पोलो ग्राउंडवर सकाळी सहाला मी,
गुडघ्याला पट्टा. धावायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलंय,
म्हणून रेघेरेघेनं चालतोय,
आखणी तपासायला आलेल्या ओव्हरसियरसारखा.

इथेच खानविलकर सरांनी मला मागे ढकललं.
तेरा वर्षांचा होतो. दहा नंबरची जर्सी
आईनं मंगळबाजारातून कोरी आणलेली,
नंबर तिनेच शिवला होता, शून्य जरा कललेलं.
सर प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून सुटले की यायचे,
हाताला ग्रीसचा वास, तोंडात बडीशेप.
म्हणाले, निंबाळकर, तुला गोल दिसत नाही,
तुला माणसं दिसतात. उद्यापासून सहा नंबर.

आठवडाभर मी जेवताना बोललो नाही.
आईनं दहातला एक उसवला,
शून्याला वरून शेपूट लावलं, झाला सहा.
महत्त्वाकांक्षेबद्दल पत्रकार विचारतात तेव्हा
मी ठरलेलं उत्तर देतो.
आठवतात ती मात्र
उसवलेल्या एकाची कापडावर राहिलेली भोकं.

सर एकदा काळाघोड्याच्या पुलावर घेऊन गेले.
खाली विश्वामित्री, काठाला मगर.
धावते का बघ, म्हणाले. दिवसभर पडून असते.
एकदाच हलते.
मी दहा वर्षं तसाच खेळलो.
मगरीला टीम नसते, हे फार उशिरा सुचलं.
सरांना सांगायचं राहूनच गेलं.

क्लबात आम्ही नऊ भाषांचे लोक.
घाईत माझ्या तोंडून अजून बडोदं निघतं:
आप! आप!
आयझॉलच्या लालरिनपुइयाला दोन महिने वाटत होतं
मी त्याला आदरानं हाक मारतोय.
अरे बाबा, गुजराती आहे. आप म्हणजे दे.
आता तोही ओरडतो, आणि केरळचा गोलकीपरही,
आणि समोरच्या संघाला वाटतं
काय सभ्य माणसं आहेत.

फायनलला अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला लालरिननं मारला.
त्याआधीचा पास कागदावर लिहितात.
त्याच्या आधीचा, कुणी हौशी असला तर.
माझा त्याच्याही आधीचा.
दोघांच्या मधून, सहा-सात यार्ड, साधा.
फोटोत मी कडेला आहे,
अर्धा चेहरा कपाच्या कानामागे.

खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.
लालरिन मोठ्या क्लबात गेला त्या दिवशी
मी त्याला मिठी मारली
आणि त्याच्या खांद्यावरून घड्याळ पाहिलं.

आता माझ्या जागी वीस वर्षांचा कोवळा पोरगा खेळतो,
ओजस टिपणीस, ग्वाल्हेरचा.
पाय छान आहेत. अर्धा सेकंद उशीर करतो.
बॉल आल्यावर मान वळवतो, येण्याआधी नाही.
टीव्हीवर मला पहिल्याच मॅचमध्ये दिसलं.
पंधरा दिवस मी काही बोललो नाही.
दोन मॅच हरलो.
तेवढे पंधरा दिवस गुडघा कमी दुखत होता,
हे फक्त इथे लिहितोय.

सोळाव्या रात्री फोन केला.
आधी मान, मग पाय, एवढंच म्हणालो.
तो म्हणाला, थँक्यू दादा, कधी लक्षात आलं तुमच्या?
म्हटलं, आत्ताच.
रविवारी ते जिंकले.
आम्ही जिंकलो, असं म्हणायचं असतं.
म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं.

सात वाजले. मुली आल्यात खेळायला,
दोन विटा आणि दोन दप्तरं, गोल तयार.
बॉल घरंगळत माझ्याकडे येतो.
काका, आप ने! एकजण ओरडते. सगळ्यात पुढची,
दोन्ही हात वर.

तळव्याखाली बॉल थांबवला.
मान आधीच वळली होती:
डावीकडे, कडुलिंबाजवळ, एक एकटीच उभी,
मागत नव्हती,
समोर तिच्या सगळं मैदान रिकामं.

चांगल्या पायानं दिला तिला.
पुढचं त्यांचं त्या बघतील.
मी माझ्या रेघेवर.