गिऱ्हाइकांना, चतुर्थीआधी

नमस्कार मंडळी. श्रावण अर्धा सरला,
आणि आमच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी
शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली,
पाइपवाल्याकडे नव्हे, भांडीवाल्याकडे.
कशी ते विचारू नका. बसली.

दर तेच. फक्त माळ्यावर चढायचे
पन्नास जास्त, कारण गेल्या महिन्यात अस्नोड्याला
पर्पेतच्या खांद्यावर आख्खी टोपली आली,
पितळी समयांची,
ज्या त्या घरात कुणालाच आठवत नव्हत्या.
खांदा ठीक आहे. समया चिंचेने घासून दिल्या.

बुरशीबद्दल पुष्कळांनी विचारलं.
चामड्याच्या चपला कपाटात कोंडू नका,
पाहुण्याला देता तसा त्यांना वारा द्या.
भिंतीला नारळाचं व्हिनेगर, निम्मं पाणी, हात हलका.
शिंपल्यांच्या खिडक्यांना मात्र
सुकं फडकं, बस्स.
एक शिंपला तुटला तर बसवणारा
शिवोलीत एकच माणूस,
आणि तो फोन उचलत नाही.

साळगावच्या शेट्येबाई, पाल आम्ही मारली नाही.
ती आपणहून गेली. अंडी दोन आहेत,
मीटरच्या पेटीमागे. सांगाल तसं.

सुकूरच्या बंद बंगल्याच्या मालकांना, दुबईला:
छतावरचा डाग मागच्या वेळी बशीएवढा होता,
आता सुपाएवढा.
आम्ही पुसतो. पण डाग वरून येतो
आणि वर आमचं काही चालत नाही.

आता एक गोष्ट, जी खरं तर सांगू नये.
मयड्याच्या एर्मेलिंदा टीचर.
तुमच्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी भूगोल शिकवला.
दर मंगळवारी नऊला आम्ही पोचायचो
तेव्हा घर आधीच झाडलेलं,
लाल कोबा अजून ओला.
'कामाला येणाऱ्यांना घाण घर कसं दाखवायचं?'
मग आम्ही बाल्कांवात बसायचो.
चहा, तळलेली केळी, आणि जगातल्या नद्या.
झारखंडच्या आमच्या मंगराला
त्यांनी त्याच्या गावच्या नदीचं नाव सांगितलं: कोयल.
त्या दिवशी तो घासलेली पायरी
पुन्हा घासून आला.

एकदा मी बिल निम्मंच केलं.
त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून परत दिलं,
पूर्ण रक्कम, खाली रेघ, सही.

गेल्या मंगळवारी घर घाण होतं.
मोरीत कपबशा, कोब्यावर पावलांची माती,
मेजाच्या पायावरून मुंग्यांची वाट.
टीचर खुर्चीत होत्या, केस विंचरलेले नव्हते.
म्हणाल्या, 'आज तुम्हीच करा.'

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.
पर्पेतने बादली भरली. मंगरा पंख्याखाली स्टूल शोधू लागला.
कपबशा मी घेतल्या,
आणि सोळा वर्षांच्या धंद्यात
इतकं मन लावून, आणि इतकं नकोसं वाटून,
मी काही घासलेलं नाही.

बिल पूर्ण केलं.
घरी आल्यावर कळलं, बेरीज माझी चुकली होती,
चाळीस रुपयांनी.
त्यांनी न तपासता सही केली होती.

असो. चतुर्थीच्या तारखा भरत आल्या आहेत.
माटोळीच्या कड्या आत्ताच हलवून बघा,
पावसात गंजतात आणि ऐन वेळी दगा देतात.
मंगळवारी नऊ ते बारा
आम्ही कुणालाच मिळणार नाही.
काम असो नसो.

सुलक्षा वळवईकर, आणि दोघं