आमसुलं

माझगावात तिसऱ्या मजल्यावर पांगारकरचाचा,
बोटीवरचे जुने भंडारी,
मला नुसत्या तोंडानं जेवू घालतात:

"त्रिनिदादला उतरलीस की हॉटेलात शिरू नको.
सकाळी सहाला रस्त्यावर ये.
दोन मऊ बारे, मधे चण्यांची उसळ, कागदात गुंडाळून.
मिरची थोडीच माग,
शौर्य दाखवायची ती जागा नव्हे.
नीरफणस निखाऱ्यावर काळाठिक्कर भाजतात,
आतून पाव. संगती खारवलेला मासा.
आणि कॅलालू..."

चष्मा काढला, लुंगीला पुसला.

"कॅलालू म्हणजे आपलं अळू गो!
नारळाचं दूध, भेंडी, वर आख्खा खेकडा.
आंबट मात्र काही नाही. घसा खाजलाच जरा.
मर्ल हसत सुटली.
म्हटलं, पुढच्या फेरीला आमसुलं आणतो."

पुढची फेरी हॅम्बुर्गची निघाली.
त्यापुढची सिंगापूरची.
मग गुडघे.

फ्रीजवरच्या डब्यातून मूठभर काढली,
थोडी परत टाकली,
पुन्हा काढली.

"धक्क्याजवळ निळी टपरी होती.
नसेलच म्हणा आता.
अळू खाऊन कुणी खोकताना दिसलं
तर त्याला दे."