वळ

दुपारी सव्वादोनला लॅब रिकामी असते.
चन्नाप्पा पट्टा आवळतो. "टाईट आग्यादेन री?"
मी "साकु" म्हणते,
आणि खिडकीबाहेरचं उद्यमबाग विझतं.

समोर सभागृह. एकशेवीस माणसं
इस्त्रीची, कुठल्याच गावची नसलेली.
पापण्या सगळ्यांच्या एकदम लवतात.
"वेलकम, मिस बिर्ज," अध्यक्ष म्हणतो.
शेवटचा 'ए' गिळून टाकला त्यानं,
किणयेतल्या अख्ख्या भावकीसकट.

माझा विषय: फौंड्रीतली जळकी वाळू, तिची वीट.
बाबांच्या बाहीतून तीस वर्षं ती घरी आली.
आईनं केरात काढली, मी आलेखात मांडली.
मराठीत ती काळी असते, कन्नडात उसुकु,
दोन्हीकडे दाताखाली कचकन लागते.
इंग्रजीत मात्र
माझ्या जिभेवर ती नुसती साचते.

पहिल्या दिवशी श्रोते 'प्रेमळ'वर होते.
मी खोकले तरी माना डोलवायचे.
आज 'शंकेखोर'.
तिसऱ्या रांगेतला टकल्या
दर चाळीस सेकंदांनी घड्याळ बघतो.
आता तो मला पाठ आहे.
अडतिसाव्या सेकंदाला मी थांबते,
सरळ त्याच्याकडे बघते, हसते.
(हसणं तेवढं मला सगळ्या भाषांत येतं.)

मग प्रश्न येतो, आणि घसा
आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या नळासारखा
फक्त हवा सोडतो.
मी पॉज दाबते.
एकशेवीस तोंडं अर्धी उघडी राहतात.
त्या थिजलेल्या हॉलमध्ये
मी आधी मराठीत उत्तर देते, हात नाचवत,
"तसं न्हवं हो ते, ऐकून तर घ्या की!"
मग इंग्रजीत. मग पॉज सोडते.
लिस्बनला हे बटण नसणार. ठाऊक आहे.

हेडसेट काढला तर दारात मल्लव्वा,
झाडूच्या दांड्यावर हनुवटी.
"यार जोडी जगळा माडाकत्ती?"
भांडत नव्हते गं, म्हणते, आणि सांगत सुटते,
अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या,
वाळू, भट्टी, वीट, भार किती पेलते.
ती ऐकून घेते. मग विचारते,
"त्या विटंवर पाणी मारलं
तर मातीचा वास येतो काय?"

एकशेवीसांतल्या एकानंही
हे विचारलं नव्हतं.
मला माहीत नाही. वहीत लिहून ठेवलं.

रात्री बाबा कपाळावरचा वळ बघतात.
"कुठं आपटलीस?"
"लिस्बनला," मी म्हणते,
आणि भाकरी पुढं ओढते.