ओरखडा

स्टेशन सुरू झालं ते आर्विड नुम्मेलाच्या हार्डवेअर दुकानात,
खिळ्यांच्या पिंपांच्या वरच्या मजल्यावर.
सकाळी बटाट्याचे भाव, सुपीरियर तळ्यावरचा वारा,
कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाचं माणूस गेलं,
आणि दुपारभर अकॉर्डियन.
मनोरा उभारायला तांब्याच्या खाणीतलेच लोक आले.
जन्मभर खाली उतरणारे
पहिल्यांदाच वर चढले
आणि म्हणाले, इथनं कॅनडा दिसतो.
दिसत नाही. मी चढून बघितलंय.

मी डार्लीन ट्रेव्हॅरो. सतराव्या वर्षी
फोन उचलायला लागले, तासाला दीड डॉलर.

रात्री अकराला स्टेशन झोपायचं.
त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात लाईल बोशेन म्हणाला,
बंदच ठेवायचंय तर मला द्या.
फौजेतून परतलेला, डाव्या कानानं कमी ऐकणारा,
काखेत रेकॉर्डींचा खोका.
रात्रपाळीवाल्यांना तो गिटार ऐकवू लागला,
एकेक गाणं वीस मिनिटांचं.
तक्रारी मी लिहून घ्यायचे. वही अजून आहे.
"मांजर दारात सापडलंय का तुमचं?"
असं मिसेस हेइक्किलांनी तीनदा विचारलंय.

मग ती एक रेकॉर्ड. नाव सांगत नाही,
सगळ्या जगाला ठाऊक आहे ते गाणं.
खाण बंद होणार असल्याचा कागद ज्या रात्री आला,
लाईलनं तो माईकवर शेवटपर्यंत वाचला,
सहीसकट, तारखेसकट,
आणि सुई ठेवताना त्याचा हात घसरला.
तेव्हापासून तिसऱ्या कडव्यात
परत, परत, परत,
आणि तिथून थेट गिटारीवर उडी.
मधल्या दोन ओळी
आमच्या जिल्ह्यानं कित्येक वर्षं ऐकल्याच नाहीत.
नवी रेकॉर्ड घ्यायला पैसे नव्हते.
अर्धं गाव डेट्रॉइटला निघून गेलं होतं,
उरलेलं गाव जाहिरात कसली देणार?

मग टेक्सासहून एक सल्लागार आला.
बूट बर्फाचे नव्हते, जिन्यावर दोनदा आपटला.
जुनं ते सोनं, म्हणाला, पण मोजून तीनशे वीस नग,
आणि यापुढे याला क्लासिक म्हणायचं.
लाईल म्हणाला, काल संध्याकाळपर्यंत हा गोंगाट होता,
बढती कधी झाली?

त्याच माणसानं चकचकीत सीडी आणल्या.
पहिल्याच दिवशी गाणं न अडखळता गेलं
आणि माझे सगळे फोन एकदम वाजले.
गाणं बिघडलंय, लोक म्हणत होते,
नीट करा.

आर्विड गेला, पोरांनी स्टेशन विकलं,
घेणाऱ्यानं पुढच्याला विकलं.
लाईलच्या खुर्चीवर संगणक बसला.
एका वादळी रात्री, मनोऱ्यावर मनगटाएवढा बर्फ,
गाड्या रस्त्यात अडकलेल्या,
आणि स्टेशनवरची कुणी अनोळखी बाई सांगत होती
की आज फिरायला झकास हवा आहे.
पासष्टीचा लाईल स्नोमोबिलवर आला,
मागच्या दाराची काच फोडली
आणि एकोणीस तास बोलला:
कुठला रस्ता बंद, कुणाकडे चूल पेटलीय,
कोण कुणाला आणायला निघालंय.
काचेचं बिल त्याला पोस्टानं आलं.

तो गेला तेव्हा स्टेशननं सांगितलं नाही.
मेलेल्यांची नावं टाकायला
संगणकात रकानाच नव्हता.
मी वही घेऊन बसले, एकेकाला फोन केला.

चर्चच्या तळघरात, कॉफी आणि हॅम सँडविच झाल्यावर,
शाळेतल्या चार पोरांनी ते गाणं वाजवलं.
सगळी पोरं सीडीनंतर जन्मलेली.
तिसऱ्या कडव्याला ड्रमवरची पोरगी थांबली,
परत, परत, परत,
आणि चौघांनी एकाच वेळी उडी मारली.

कुणी शिकवलं, मी विचारलं.
म्हणजे काय, ती म्हणाली, घरी सगळे असंच म्हणतात.

त्या दोन ओळी मी नंतर पुष्कळदा ऐकल्या.
बऱ्या आहेत.
पाठ होत नाहीत.