पेंढा उघडताना

आरेच्या तबेल्यामागे यासीनशेठनं
पेंढ्यावर युरियाचं पाणी शिंपडलं,
ताडपत्री ओढून कडेला माती लिंपली.
एकवीस दिवस, मी बजावलं होतं,
मग दोन दिवस वारा लागू दे.

आज ताडपत्री वर केली
आणि वास नाकातून थेट कुर्ल्याला गेला,
दवाखान्यात, बाबांच्या फळीवर.
नवसागर नि चुना, घट्ट बुचाची बाटली.
कुणी चक्कर येऊन पडलं की
बाबा बूच काढायचे, मोजायचे, एक, दोन,
पुन्हा दाबून लावायचे.
मी एकदा चोरून छाती भरून हुंगलं.
रात्रभर खोकत होते.
बाबा रागावले नाहीत,
बाटली तेवढी वरच्या फळीवर गेली.

पेंढा तांबूस झालाय, मऊ.
म्हशी चाटूनपुसून खातील.
पण काल रात्रीच शेठनं कडेनं उपसून
एक भारा टाकलाय
कोपऱ्यातल्या जाफराबादीला.
तिचं पारडू सकाळपासून
गोल गोल पळतंय, भिंतीला धडकतंय,
कान थरथरतायत.

हिचं दूध पाजू नका त्याला, मी म्हणते.
यासीनशेठ मान हलवतो.
पहाटेचा कॅन
केव्हाच गेलाय गोरेगावला.