हवाई अंतर

राजारामपुरीतल्या तिकीटवाल्या पोराला विचारलं,
कोल्हापूर ते कॅलगरी, अंतर किती?
म्हणाला, काका, अंतर कुणी विचारत नाही,
तास विचारतात.
भूमापन कचेरीत माझी चौतीस वर्षं गेली.
मी अंतर विचारतो.

घरी येऊन त्रिशलाचा शाळेतला पृथ्वीगोल काढला.
कोल्हापूर छापलेलं नव्हतं,
पेन्सिलीनं मीच खूण केली आणि दोरा ताणला.
वाटलं होतं पश्चिमेला जाईल, अरबस्तानावरून,
सूर्य जातो तसा.
तो निघाला सरळ वर
आणि ध्रुवावर, गोल जिथं स्क्रूनं बसवलाय,
तिथं अडकला.
साडेबारा हजार किलोमीटर.
आमच्या तेहेतीस फुटी साखळीनं
बारा लाख बेचाळीस हजार साखळ्या.
रोज दोनशे धरल्या तर सतरा वर्षं,
एकही सुट्टी न घेता.

साखळीचं पुढचं टोक दस्तगीर मुल्लाणी धरायचा.
वडणग्याच्या उसात शिरला की दिसायचा नाही,
नुसता आवाज यायचा, 'हाय!'
म्हणजे टोक दगडावर आहे, साहेब, लिहा.
त्याच्या 'हाय'शिवाय मी कधी आकडा लिहिला नाही.

विमान मात्र दोऱ्यासारखं जात नाही,
फ्रँकफर्टवरून वळसा घेतं, तिथं पाच तास बसवतं.
तिच्या आईच्या वेळी त्रिशला
तेविसाव्या तासाला मुंबईत उतरली.
उजळाईवाडीचं विमान त्या दिवशी नव्हतं.
उरलेल्या तीनशे किलोमीटरला गाडी केली, आठ तास.
आम्ही सव्वीस तास थांबलो.
त्याहून जास्त थांबू नये, असं सगळेच म्हणाले.
मीही मान हलवली.
ती तेव्हा कात्रजच्या बोगद्यात होती,
फोन लागत नव्हता.

हे कुठल्या मापानं मोजायचं ते मला येत नाही.
हद्दीच्या वादात भावाभावांना मी सांगायचो,
फरक पाच आण्यांचा आहे, सोडून द्या.

आता माझंच तिकीट. एकोणतीस तास दहा मिनिटं.
पोरगा विचारत होता, खिडकी पाहिजे का.
ऊस दिसेल का रे वरून, म्हटलं. हसला.

रात्री साडेनऊला फोन लावतो.
तिकडं सकाळचे नऊ,
घड्याळ जवळजवळ तेच, उजेड तेवढा दुसरा.
मी म्हणतो, येतोय गं.
पलीकडून आवाज यायला जरा वेळ लागतो.
तेवढ्यात कुणीतरी पाचोळा तुडवत
सरीतून पुढं पुढं जात असतं,
हातातली साखळी सरकत राहते.
मग, 'हाय पप्पा, हाय. बोला.'

दोरा अजून त्या स्क्रूला तसाच आहे.
सोडवायचा राहिला.